कॉकाटीलचे पंख कापायचे की नाही?

कोथरूडकर:
फ्लॅटमध्ये कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) किंवा लव्हबर्ड पाळणाऱ्यांनी पंख कापून, म्हणजे उडायची पिसं छाटून घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे खोलीखोलीत सीलिंग फॅन, पोरं दार सताड उघडं टाकून खाली खेळायला पळतात, कामवाल्या मावशी कधी येतील सांगता येत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक कॉकाटील फिरत्या फॅनला लागून जागच्या जागी गेला. पिसं कापताना दुखत नाही, नखं कापल्यासारखंच आहे ते, आणि जुनी गळली की नवीन येतातच. मग एवढा विरोध का?

रानवाटा:
दुखत नाही हे अर्धंच खरंय. नवीन फुटणाऱ्या पिसात रक्त असतं, ते कापलं गेलं तर चांगलंच रक्त जातं, आणि कॉकाटीलचं सगळं वजनच 80-100 ग्रॅम हो, त्याच्या अंगात रक्त असणार किती. शिवाय दुकानवाले पिल्लू विकतानाच दोन्हीकडची पिसं सपासप उडवतात, त्याला धड उडायला आणि मुख्य म्हणजे उतरायला शिकूच देत नाहीत, मग ते दचकून उडी मारतं आणि छातीवर आपटतं. अशा जखमा भरता भरत नाहीत कारण ते परत परत तिथेच पडतं. फॅनचं म्हणाल तर पक्षी बाहेर असेपर्यंत फॅन बंद, एवढं जमत नसेल तर पक्षी आणूच नका.

मिरचीदाणा:
एवढं टोकाचं नको. आम्ही फक्त बाहेरची थोडी पिसं कापून घेतो, दोन्ही बाजूंची सारखी, तेही पक्ष्यांच्या डॉक्टरकडून. तो तरंगत खाली येतो, पडत नाही. मात्र घरी यूट्यूब बघून कोणी कापू नका प्लीज, लोक घाबरून पक्ष्याला मुठीत आवळतात. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (डायफ्रॅम) नसतं, छाती हलली तरच श्वास. धरायचंच तर मऊ टॉवेलमधून, डोकं सांभाळून, छातीवर अजिबात दाब नको.

कोथरूडकर:
हेच तर म्हणतोय, नीट कापा. घरात म्हातारी माणसं असताना ‘फॅन बंद ठेवा’ म्हणणं सोपं आहे, मे महिन्यात करून दाखवा.

रानवाटा:
मग मे महिन्यात त्याला पिंजऱ्यातच राहू द्या आणि सकाळी गार असताना बाहेर काढा. आणि कापलेल्या पंखांवर भरवसा ठेवूनच लोक त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत जातात, वाऱ्याचा झोत आला की तो तरीही उडतो, फक्त परत वर येता येत नाही, खाली मांजरं आणि कावळे टपलेलेच. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्याला मारतो, तिथे पंख कापून काय उपयोग? त्यापेक्षा हाकेला हातावर यायला शिकवा. राळ्याचं कणीस दाखवायचं, आला की दोन दाणे द्यायचे, रोज थोडा वेळ.

हिरवी_फांदी:
आमच्या मामांकडे राघू आहे, त्याचे पंख वर्षानुवर्षं कापतात. त्याला सोडून द्यावं का?

मिरचीदाणा:
ताई, हा विषय वेगळाच आहे. आपला हिरवा राघू पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतं.

कोथरूडकर:
इथे मी पण तुमच्या बाजूने. पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो हे कारण चालणार नाही, ही पिल्लं ढोलीतून काढून आणलेली असतात.

रानवाटा:
पण असंच सोडू नका हं! उडताही येत नाही आणि माणसाची भीती गेलेली, दिवसभर पण टिकणार नाही. वनविभागाच्या 1926 हेल्पलाइनवर फोन करा आणि त्यांनी सांगितलेल्या केंद्रात द्या. पिसं परत आल्यावर त्याला उडायची सवय करावी लागेल, मगच सोडायचा की नाही ते ठरेल. तोपर्यंत निदान पुढची कापाकापी थांबवायला सांगा मामांना.