भाड्याच्या वन बीएचकेत ओट्यावरचा डिशवॉशर: नळाचा की टाकीचा?

चिवडा_कमी_तिखट
पुण्यात भाड्याचा वन बीएचके, सगळ्यात वरचा मजला, उन्हाळ्यात टँकरचं पाणी. ओट्यावर मावणारा ६ सेटचा (सहा जणांच्या ताट-वाट्या मावणारा) डिशवॉशर घ्यायचाय. घरमालक फोडाफोडी करू देणार नाहीत. नळाला जोडायचा घ्यावा की वरून त्याच्या टाकीत पाणी ओतायचा? ओट्यावर ६ अँपिअरचा एकच पॉइंट आहे. क्षारांचं काय करायचं? आरओचं बाहेर पडणारं पाणी चालेल का? भांडी दोघांची, पण कढई आणि कुकर रोजचेच.

पाना_पक्कड
वरचा मजला आहे, तर आधी दाब बघा. पुष्कळ मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.०४ मेगापास्कल लिहिलेलं असतं. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतली पातळी नळापेक्षा साधारण ४ मीटर वर हवी. वरच्या मजल्यावर हे अंतर बऱ्याचदा २-३ मीटरच भरतं, आणि टाकी रिकामी होत आली की त्याहून कमी. ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही की मशीन एरर दाखवून थांबतं. सोसायटीत प्रेशर पंप असेल तर खुशाल नळाला जोडा, नाहीतर टाकीवालाच घ्या. प्रत्येक वेळी ५ लिटरच्या आसपास ओतावं लागतं, एवढाच व्याप.

नळाला जोडायचं असेल तर फोडाफोडी लागत नाही. सिंकखालचा अँगल कॉक काढून दोन तोंडांचा बसवा. मशीनच्या नळीचा आटा पाऊण इंची असतो, कॉकचा बहुधा अर्धा इंची, त्यामुळे मधे अडॅप्टर लागेल. टेफ्लॉन टेप भिंतीकडच्या आट्यावर गुंडाळायची. नळीच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप नको. तो नट हाताने घट्ट करून पक्कडीने जेमतेम पाव फेरा द्या. जास्त आवळला तर प्लॅस्टिकला चीर जाते आणि गळती कपाटाचं प्लाय फुगल्यावरच लक्षात येते. घर सोडताना जुना कॉक परत बसवायचा, म्हणून तो टाकू नका.

बाहेर जाणाऱ्या पाण्याची नळी सिंकमध्ये नुसती सोडू नका, पंप सुरू झाला की ती उसळते. काठाला बांधा. तिचं तोंड तुंबलेल्या पाण्यात बुडलेलं नसावं, नाहीतर घाण पाणी उलट मशीनमध्ये येऊ शकतं.

क्षारपडताळणी
आरओचं बाहेर टाकलेलं पाणी अजिबात नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते फरशीला वापरा.

घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: मिठाचा कप्पा आहे का? टाकीवाल्या बऱ्याच लहान मशीनना तो नसतो, आणि टँकर-बोअरच्या पाण्यावर ते मशीन काही महिन्यांत पांढरं पडतं. कप्प्याशेजारी रेझिन असतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं होतं. पहिल्यांदा कप्पा पाण्याने भरून मग मीठ घालायचं. डिशवॉशरचं जाड मीठच घ्या. स्वयंपाकाच्या बारीक मिठाचा गठ्ठा होतो. मीठ भरल्यावर लगेच एक धुणं लावा, सांडलेल्या खारट पाण्याने आतलं स्टील गंजतं.

टीडीएस मीटरवरून मशीनचं मिठाचं सेटिंग ठरवू नका, तो एकूण क्षार सांगतो, जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) वेगळा. जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. पट्टीवर ३५० पीपीएम आलं तर ते साधारण २० जर्मन डिग्री, म्हणजे जडपणाचं दुसरं एकक (१ डिग्री = १७.८ पीपीएम). पुस्तिकेतल्या तक्त्यात बघून तेवढं सेटिंग लावा. टँकर सुरू झाला की पुन्हा मोजा.

वायरमन_नाही_पण
६ अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका. १३०० वॅटचं मशीन साडेपाच-पावणेसहा अँपिअर ओढतं, म्हणजे पॉइंट काठावर, तोही बराच वेळ. फ्रिजचा किंवा मायक्रोवेव्हचा १६ चा पॉइंट बघा. एक्स्टेंशन बोर्ड नको, त्याच लाइनवर त्याच वेळी इंडक्शनही नको.

खरकटं
भांडी धुऊन मग मशीनमध्ये लावायची गरज नाही, पण भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी खरवडून काढाच. हेच फवाऱ्याच्या भोकांत अडकतं आणि मग वाट्या तेलकट निघतात. गाळणी रोज नळाखाली धरा. दार लावण्याआधी फवाऱ्याचा पंखा हाताने फिरवून बघा, झाऱ्याचा दांडा हमखास आडवा येतो.

ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई आत घालू नका, अल्कधर्मी डिटर्जंटने काळी पडतात. हार्ड ॲनोडाइज्डचंही तेच. लोखंडी तवा, पितळ, लाकडी पोळपाट बाहेरच. स्टीलचा कुकर चालतो, फक्त शिटी आणि गास्केट हाताने धुवा. पण ६ सेटच्या मशीनमध्ये ५ लिटरचा कुकर घातला की अर्धी जागा गेली. म्हणून रोज कढई-कुकर हाताने घासायची तयारी असेल तरच घ्या.

प्लॅस्टिकच्या डब्यांवर हळदीचा डाग राहिला तर उन्हात ठेवा, फिका होतो. डिटर्जंट पावडर १५-२० ग्रॅम पुरे. वड्या मोठ्या मशीनच्या मापाच्या असतात, अर्ध्या तासाच्या धुण्यात पूर्ण विरघळतही नाहीत.

चिवडा_कमी_तिखट
आभार. टाकीवाला, पण मिठाच्या कप्प्याचा शोधते. पेल्यांवर पांढरट थर आला तर तो क्षारांचा की पावडरीचा, कसं ओळखायचं?

क्षारपडताळणी
ओल्या बोटाने पुसला गेला तर पावडर, मात्रा कमी करा. व्हिनेगरने गेला तर क्षार, मीठ आणि सेटिंग बघा. कशानेच गेला नाही तर काच झिजलीय, ती आता तशीच राहणार.