घरं टिकली, पण दुकानांचं काय?
असं म्हणतात की शहरातला एखादा भाग महागला तरी जुन्या भाडेकरूंना भाडेवाढीपासून कायद्याचं संरक्षण मिळालं की वस्ती टिकते. मला हे अर्धंच पटतं. भाडेनियंत्रण बऱ्याच शहरांत फक्त घरांना लागू असतं. दुकानाचा करार संपला की मालक दुप्पट भाडं मागू शकतो, आणि पँटची चेन बदलून देणारा शिंपी ते कुठून देणार? तिथे कॅफे येतो. वरच्या मजल्यावरच्या आजींचं भाडं तेवढंच राहतं, पण चपलेचा अंगठा शिवायला बस धरावी लागते. उधारी बंद होते. घराची जादा किल्ली ठेवायला कुणी उरत नाही, आणि आजी चार दिवस दिसल्या नाहीत तर चौकशी करणारंही. हे कुठल्या आकडेवारीत येत नाही, म्हणून जास्त टोचतं.

सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ साली मतदारांनी जुन्या व्यवसायांसाठी निधी मंजूर केला. दुकानदारांबरोबरच, त्यांना किमान १० वर्षांचा करार देणाऱ्या जागामालकांनाही अनुदानाची तरतूद त्यात होती. मालकालाच लांबच्या कराराची गोडी लावायची, हे मला फार मोलाचं वाटतं. भाडेकरू संघटनांनी आपल्या मागण्यांत दुकानदारांचे करारही घ्यायलाच हवेत.