मंडळीतले 'वडील' की 'एल्डर'?

भायखळाकर : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेनंतर तरुणांसाठी नेतृत्वावर वर्ग असतो. त्याची इंग्रजी टिपणं मी मराठीत करतोय. 'एल्डर' (मंडळीचा कारभार पाहणारा) आला की मराठी बायबलप्रमाणे 'वडील' लिहितो. मागच्या वर्गात वाक्य होतं, 'वडिलांनी मंडळीला शिकवावे.' कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "माझे पप्पा चर्चला येत नाहीत, मग मला कोण शिकवणार?" अगदी मनापासून विचारत होती. आता 'ज्येष्ठ' लिहू, 'एल्डर'च ठेवू, की आहे ते राहू दे?

शब्दवेडी : 'ज्येष्ठ' नको. मुंबईत ज्येष्ठ म्हटलं की लोकलमधली राखीव जागा आठवते. इफिस शहरातल्या मंडळीची जबाबदारी प्रेषित पौलाने ज्याच्यावर टाकली तो तीमथ्य तरुणच होता (बायबल, १ तीमथ्य ४:१२). वडील हा प्राकृत 'वड्ड'वरून, म्हणजे मोठा. हिंदीतला 'बडा' त्याच घराण्यातला. वडील बंधू, वडीलधारी माणसं आपण आजही म्हणतो.

उत्तनची : आमचे आजोबा सांगायचे, वडासारखी सावली देतो तो वडील.

शब्दवेडी : ताई, कल्पना गोड आहे, पण वड आला 'वट'वरून. दोघांचा संबंध नाही.

जुनं पान : मूळ ग्रीकमध्येही हाच पेच आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. 'प्रेस्बुतेरॉस' हा एकच शब्द १ तीमथ्य ५:१ मध्ये वयाने मोठ्या माणसासाठी येतो आणि ५:१७ मध्ये मंडळी चालवणाऱ्यांसाठी. 'वडील' ही दोन्ही टोकं धरून ठेवतो, 'एल्डर' मराठीत फक्त पद उरतो. प्रेषितांची कृत्ये २० उघडा. पौल मिलेताहून इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो (वचन १७), त्यांनाच पुढे अध्यक्ष (देखरेख करणारे) म्हणतो आणि कळप सांभाळायला सांगतो (वचन २८). वडील, अध्यक्ष, पाळक ही तिन्ही कामं त्याच माणसांची आहेत. आपण त्यांच्या तीन खुर्च्या केल्या.

नालासोपारा लोकल : पटत नाही. लोक बोलतात ते लिहावं. आमच्याकडे "एल्डर अंकल आले का?" असंच विचारतात. पास्टर चालतो, कमिटी चालते, मग एल्डरनेच काय घोडं मारलंय? पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रेस्बिटर (त्याच ग्रीक शब्दावरून आलेला) म्हणजे दीक्षा घेतलेला पाळकच. तिथल्या माणसाला तुमचे 'वडील' कोण वाटतील?

जुनं पान : रमाबाईंचा दाखला माझ्या बाजूचा आहे. त्यांनी सोपं केलं ते मराठीतच केलं.

भायखळाकर : मला काळजी वेगळीच आहे. १ तीमथ्य ३:२ मध्ये अध्यक्षाच्या गुणांत 'शिकवण्यात निपुण' असणं येतं. आमच्याकडे एल्डर म्हणजे दानाची पेटी मोजणारा, सह्या करणारा. शब्द बदलून हे बदलणार नाही हे कळतं, पण मुलांना निदान मूळ काम दिसावं.

उत्तनची : आम्हा कॅथलिकांत हा प्रश्नच नाही, आमचे फादर. पण तुम्ही 'उपासना' म्हणता, आमच्या घरी 'मिस्सा'. शब्द पोर्तुगीज, पण आता आमचाच. आई सांगते, तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायचा, अर्थ न कळता उत्तरं पाठ. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट दिली, तेव्हा कुठे मराठी आली.

शब्दवेडी : उपासना सुंदर शब्द आहे हो. उप अधिक आस, जवळ बसणं. हल्ली नव्या मंडळ्यांत "आधी वर्शिप, मग वचन" म्हणतात, म्हणजे वर्शिप म्हणजे गाणी तेवढी! रोमकरांस १२:१ मध्ये पौल शरीरच जिवंत यज्ञ म्हणून द्यायला सांगतो. सोमवारी ऑफिसात खोटं बिल न लावणं हीसुद्धा उपासनाच.

नालासोपारा लोकल : गाण्यांना कमी लेखू नका. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला, १८९५ मध्ये. भजन-कीर्तनातून त्यांनी जे पोहोचवलं ते प्रवचनांनी पोहोचलं नसतं.

शब्दवेडी : कमी लेखत नाही. पण टिळकांची भजनं तालासाठी नव्हती, त्यांत शिकवण होती. आजच्या किती गाण्यांत आहे?

उत्तनची : पोर्तुगीजवरून आठवलं. वांद्र्याची मोत माउली, म्हणजे माउंट मेरी. मोत म्हणजे मोती की 'मोंते', डोंगर? आमच्याकडे सगळे मोतीच म्हणतात.

जुनं पान : मोंते. टेकडीवरच आहे ना.

उत्तनची : टेकडी आहे म्हणून मोती नाही असं कसं म्हणता? समुद्र पायथ्याशी आहे, कोळी लोक सप्टेंबरच्या जत्रेला पिढ्यान्पिढ्या येतात. त्यांच्या तोंडचा शब्द आधी विचारा.

जुनं पान : विचारतो. पण 'मोंते'तला न गेला कसा, हे मला कुणी सांगावं.