स्पीड डेन्सिटी करताय? हवेच्या तापमानाचं काय?

स्पीड डेन्सिटी म्हणजे इंजिनात जाणारी हवा मॅफ सेन्सरने थेट न मोजता दाब, तापमान आणि आरपीएमवरून तिचा हिशोब करणं. 'मॅफ काढला की व्हीई टेबल (इंजिन किती हवा ओढतं त्याचा तक्ता) भरायचं, संपलं', असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) मॅफने आधीच मोजलेली हवा बाहेर सोडत असेल तर गिअर बदलताना मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, ते दुखणं जातं हे खरं. पण २००६ च्या सुबारू डब्ल्यूआरएक्समध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मॅफच्याच पोटात असतो. मॅफ गेला की तोही गेला, आणि स्पीड डेन्सिटीचं सगळं गणित तापमानावर. २० अंशांची हवा ५० वर गेली की घनता साधारण ९ टक्क्यांनी उतरते.

माझ्या गाडीत नवा सेन्सर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा, इंजिनावरचा भाग) बसवला होता. सकाळी गाडी मस्त. पेट्रोल भरून दहा मिनिटांनी स्टार्ट केली की आयडल डचमळायचं, वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) १७, म्हणजे पेट्रोल फारच कमी! तापलेल्या धातूमुळे सेन्सर हवा आहे त्यापेक्षा गरम दाखवायचा, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोल कमी द्यायचा. आम्ही मात्र तीन आठवडे व्हीई टेबलच खोदत बसलो. शेवटी सेन्सर फ्रंट-माउंट इंटरकूलरनंतरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा, गाडीच्या पुढे बसवलेला) सिलिकॉन पाइपात हलवला, ईसीयूत त्याचंच कॅलिब्रेशन भरलं, तेव्हा कुठे गाडी शांत झाली.