सिंगलटन सर्व्हिसमधला एंटिटीमॅनेजर: जुन्याच रकमा का दिसतात?

प्रश्न: आमच्या स्प्रिंग बूटच्या बिलिंग ॲपमध्ये एका जुन्या सर्व्हिसने कन्स्ट्रक्टरमध्येच फॅक्टरीकडून एंटिटीमॅनेजर (डेटाबेसमधल्या नोंदी वाचणारा-लिहिणारा ऑब्जेक्ट) तयार करून फील्डमध्ये ठेवलाय. टेस्टिंगला सगळं सुरळीत. महिनाअखेरीला गर्दी झाली की शिळ्या रकमा दिसतात, मेमरी वाढत जाते. सर्व्हिसचा स्कोप प्रोटोटाइप (मागेल त्याला नवी प्रत) केला, तरी फरक नाही. काय करू?

उत्तर: प्रोटोटाइपने काही होणार नाही. कंट्रोलर (वेबवरच्या विनंत्या घेणारा क्लास) सिंगलटन आहे, म्हणजे ॲपभर त्याची एकच प्रत असते; त्याला ती बीन (स्प्रिंगने बनवलेला सर्व्हिसचा ऑब्जेक्ट) तो तयार होताना एकदाच मिळते. खरं दुखणं एंटिटीमॅनेजरचं आहे. तो थ्रेड-सेफ नसतो (एकाच वेळी अनेक विनंत्यांनी वापरणं सुरक्षित नसतं), शिवाय वाचलेली प्रत्येक एंटिटी (डेटाबेसमधली नोंद) आपल्या पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मेमरीतल्या साठ्यात, धरून ठेवतो. म्हणून रकमा शिळ्या आणि मेमरी भरलेली. फील्डवर ‘पर्सिस्टन्सकॉन्टेक्स्ट’ ॲनोटेशन लावा. मग हातात प्रॉक्सी (मधला प्रतिनिधी ऑब्जेक्ट) येतो, आणि तो प्रत्येक ट्रान्झॅक्शनला तिच्या स्वतंत्र एंटिटीमॅनेजरकडे नेतो. सर्व्हिस खुशाल सिंगलटन राहू द्या.

प्रश्नकर्ता: केलं. रकमा बरोबर येतायत, मनापासून आभार! पण मोठे रिपोर्ट निघताना हिकारीकडून (डेटाबेस कनेक्शनचा साठा सांभाळणाऱ्या लायब्ररीकडून) कनेक्शनच मिळत नाही.

उत्तर (दुसरे सदस्य): ‘ओपन-इन-व्ह्यू’ हे सेटिंग फॉल्स करा. बूटमध्ये ते मुळातच चालू असतं, त्यामुळे रिस्पॉन्स पूर्ण होईपर्यंत डेटाबेस सेशन उघडं राहतं आणि कनेक्शनही अडकून बसतं. हिकारीत डिफॉल्ट कमाल 10च कनेक्शन! बंद केल्यावर लेझी इनिशियलायझेशनच्या (संबंधित डेटा गरज पडल्यावरच आणण्याच्या) एक्सेप्शन येतील. त्या येऊ द्या, कुठे काय आधी आणायचं ते त्यातूनच कळतं. तिथे जॉइन फेच वापरा, म्हणजे संबंधित डेटा त्याच क्वेरीत येतो. आणि ट्रान्झॅक्शनल मेथड त्याच क्लासमधून बोलावू नका, ट्रान्झॅक्शन सुरू करणारा सर्व्हिसचा प्रॉक्सी वगळला जातो.