ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करून वेगळं अ‍ॅप घ्यावं का? (163 शाफ्ट भंगारात गेल्यावर सुचलेला धागा)

मायक्रोमीटर

मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं 38 माणसांचं युनिट आहे. मी प्लॅनिंग बघतो, म्हणजे शिव्या खायचं खातं माझ्याकडे. आधी काय घडलं ते सांगतो, मग खुशाल भांडा.

पंपाचा शाफ्ट, 240 नगांची ऑर्डर. बेअरिंग बसतं तिथला डाया (व्यास) 25 के6 होता, म्हणजे 25.002 ते 25.015 मिमी (के6, एम6 ही मापात किती फरक चालेल त्याची खूण). गिऱ्हाइकाने तो बदलून एम6 केला, म्हणजे 25.008 ते 25.021. बदललेल्या ड्रॉइंगचा फोटो (पीडीएफ नाही, फोटो!) त्यांच्या माणसाने संध्याकाळी 7.10 ला आमच्या ‘प्रॉडक्शन + डिस्पॅच’ ग्रुपवर टाकला. 7.25 ला आमच्या स्टोअरकीपरने मुलगी झाल्याची बातमी दिली. मग अभिनंदन, फुलं, केक, ‘बर्फी कधी?’ असे 61 मेसेज. त्यातली बर्फी मीच विचारली होती, खोटं कशाला बोलू.

रात्रपाळीत ग्राइंडिंग झालं जुन्या मापावर. सकाळी क्यूएने (माल तपासणारं खातं) नवीन ड्रॉइंग धरून तपासलं तर 163 पीस 25.008 च्या खाली. जास्त असता तर अजून एक कट मारून मापात आणला असता. कमी झालेला शाफ्ट वाढत नाही.

माझं म्हणणं एवढंच: कामाची सूचना आणि बारशाचं आमंत्रण एकाच नळातून येता कामा नये. स्लॅक, टीम्स, झोहो क्लिक, काहीही घ्या, पण कामाला वेगळं अ‍ॅप हवं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं चॅनल, त्यात पार्ट नंबरप्रमाणे वेगळा धागा. सहा महिन्यांनी ‘हे कुणी सांगितलं होतं?’ असं कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. मालक म्हणतात, ‘अजून एक अ‍ॅप कशाला? सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत की.’ तुमचं मत?

निवांत

+1. बर्फी मिळाली का?

लेथवाले_दादा

22 वर्षं शॉप फ्लोअरवर काढली आहेत, म्हणून बोलतो. तुमचा राग कळतो, पण औषध चुकलंय.

रात्रपाळीच्या माणसाचे दोन्ही हात कूलंटमध्ये (मशीन थंड ठेवायचं पाणी) असतात. मोबाइल लॉकरमध्ये नाहीतर खिशात, आणि मशीनवर मोबाइल नकोच, असा नियम निम्म्या कंपन्यांत आहे. तो कुठलं चॅनल उघडणार होता? त्याच्यासमोर काय होतं? जुनं ड्रॉइंग, प्लास्टिकच्या पाकिटात, मशीनला लटकवलेलं. ते कुणी काढलं नाही. नवीन रिव्हिजन आली की जुन्या कागदावर ‘रद्द’ शिक्का मारून तो उचलायचा आणि नव्याच्या प्रतीवर सही घ्यायची, ही पद्धत मोबाइल यायच्या आधीपासून आहे. पहिला पीस कुणी पास केला, कुठल्या ड्रॉइंगवर केला, ते सांगा.

आणि एक विचारू? तुम्ही स्वतः त्या ग्रुपवर आहात. प्लॅनिंग तुमच्याकडे आहे. 7.10 चा फोटो तुम्ही पाहिला होता की नाही?

मायक्रोमीटर

पाहिला होता, दादा. अंगठा पण दिला होता.

बसमध्ये होतो. वाटलं, उद्या सकाळी जॉब कार्ड बदलू, ग्राइंडिंग उद्या लागणार. सुपरवायझरने मशीन रिकामं दिसलं म्हणून रात्रीच लावलं. त्यानेही अंगठा दिलेला होता. आम्हा दोघांना वाटलं दुसऱ्याने अंगठा दिलाय म्हणजे तो बघतोय. पहिला पीस जुन्या ड्रॉइंगवरच पास झाला.

पण म्हणूनच सांगतोय. ग्रुपवर अंगठा म्हणजे ‘वाचलं’, ‘कळलं’, ‘करतो’, ‘अभिनंदन’, सगळंच. ती सूचना एका माणसाच्या नावावर गेली असती, त्याने ‘ड्रॉइंग बदललं’ असं लिहिल्याशिवाय ती उघडी राहिली असती, तर मी बसमधून एक फोन केला असता.

हिंजवडीचा_वारकरी

नावावरून कळलंच असेल, रोजची वारी. सात वर्षं टीम्स आणि स्लॅक दोन्हींत बुडालेला माणूस आहे, त्यामुळे धागाकर्त्यांनी ‘वेगळं अ‍ॅप घ्या’ म्हटल्यावर हसू आलं. हलके घ्या.

तुम्हाला वाटतंय तिथे नुसतं काम चालतं. माझ्याकडे 130 च्या वर चॅनल आहेत. एक बाग, एक मांजरं, एक ‘पुणे मॅरेथॉन’. बर्फी तिथेही आहे, फक्त तिला वेगळा डबा आहे. आणि कामाच्या डब्यात काय असतं ते दाखवतो, कालचंच:

11.04 ‘हाय’
11.19 ‘आहेस का?’
11.20 (टाइप करतोय... टाइप करतोय... थांबला)
11.52 ‘एक छोटंसं विचारायचं होतं’
12.10 ‘जाऊ दे, मिळालं’

या सहासष्ट मिनिटांत मी एक ओळ कोड लिहिला नाही. हिरवा ठिपका पिवळा झाला की मॅनेजर विचारतो कुठे होतास. जेवताना लोक लॅपटॉप झोपू नये म्हणून माउस हलवतात, शपथेवर सांगतो.

आता इतिहास. स्लॅक मुळात ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टीमने आपापसात बोलायला केलेलं साधन. गेम 2012 मध्ये बंद पडला, साधन 2014 मध्ये बाजारात आलं आणि 2021 मध्ये सेल्सफोर्सने ते 27.7 अब्ज डॉलरला घेतलं. म्हणजे दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी, दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठी केलेली वस्तू. लेथवाले दादांचा कूलंटचा मुद्दा तिथे कुणाच्या डोक्यातही आला नसणार.

गंमत अशी की स्लॅक या नावाचा विस्तारच ‘सगळ्या बोलण्याची आणि माहितीची शोधता येणारी नोंदवही’ असा सांगतात. आणि फुकट योजनेत ही नोंदवही दिसते 90 दिवसांची! एका वर्षापेक्षा जुनं तर पुसूनच टाकतात. तुमचे मालक पैसे भरणार आहेत का? नाहीतर सहा महिन्यांनी ‘हे कुणी सांगितलं होतं’ दाखवायला जाल आणि हात हलवत परत याल.

तिरकस

ईमेल नावाची एक वस्तू असते म्हणे. विषय लिहायची जागा असते, जोडपत्र लावता येतं, दहा वर्षांनीही सापडतं. आमच्या आजोबांच्या काळातली आहे, त्यामुळे आवडणार नाही.

मायक्रोमीटर

तिरकसराव, ऑपरेटरला ईमेल आयडी नाही. 38 पैकी 11 जणांना आहे. गिऱ्हाइकाला तीनदा सांगितलं ड्रॉइंग मेलवर पाठवा, तो म्हणतो ‘मेल कोण बघतं, व्हॉट्सअ‍ॅप करतो’.

वारकरी, 90 दिवसांचा मुद्दा बिनतोड. मला वाटलं होतं पूर्वीसारखी 10,000 मेसेजची मर्यादा असेल.

अनघा_ठाणे

इतका वेळ शाफ्टवर चर्चा चालली आहे, पण ग्रुपमुळे माझ्या ऑफिसात जे झालं ते कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

लॉजिस्टिक्स कंपनीत एचआरला आहे. डिस्पॅचला नवीन मुलगी आली, 23 वर्षांची. पहिल्याच दिवशी तिला चार ग्रुपमध्ये टाकलं: डिस्पॅच, गोडाऊन, ट्रान्सपोर्टर, अर्जंट. ट्रान्सपोर्टरच्या ग्रुपमध्ये 90 लोक, त्यातले निम्मे बाहेरचे ड्रायव्हर आणि एजंट. तिचा नंबर, डीपी, स्टेटस सगळं त्यांच्या हातात. आठवड्यात रात्री साडेअकराला ‘मॅडम जेवलात का’ सुरू झालं. तिने ग्रुप सोडला तर साहेब म्हणाले, ‘गाडी कुठे आहे ते तुला कोण कळवणार?’ शेवटी तिने दुसरं सिम घेतलं, स्वतःच्या पैशाने.

कामासाठी माणसाचा खाजगी नंबर वापरायचा, तोही न विचारता, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की चूक वाटत नाही. वेगळ्या अ‍ॅपमध्ये नाव दिसतं, नंबर दाखवायची गरज नसते. नोकरी सोडली की खातं बंद. ग्रुपमधून मात्र माणूस काढायचं लक्षात राहत नाही. आमच्याकडे स्पर्धक कंपनीत गेलेला सेल्सवाला आठ महिने ग्रुपमध्ये बसून आमचे रेट वाचत होता.

माझ्या नवऱ्याची नोकरी परदेशी बँकेत आहे, त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर कामाचं अक्षर लिहायची बंदी. कारण 2022 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या नियामकांनी मोठमोठ्या बँका आणि ब्रोकर कंपन्यांना मिळून सुमारे 1.8 अब्ज डॉलरचा दंड ठोकला. गुन्हा काय, तर कर्मचारी कामाचं बोलणं खाजगी मोबाइलवरच्या मेसेजमध्ये करत होते आणि त्याची नोंद कंपनीकडे राहत नव्हती. आपल्याकडे असा दंड बसला तर निम्मा महाराष्ट्र दिवाळखोर होईल.

लेथवाले_दादा

अनघाताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आमच्या फ्लोअरवर सगळे बाप्येच. नंबरचं जे आहे ते वाईटच.

शाफ्टबद्दल मात्र मी हललो नाही.

बोरूबहाद्दर

झुलिप बघा. मुक्त स्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, आणि चॅनलमध्ये लिहिताना विषय द्यावा अशीच त्याची रचना आहे. पार्ट नंबर हाच विषय ठेवायचा. 90 दिवसांची भानगड नाही.

मायक्रोमीटर

सर्व्हर सांभाळणार कोण? आमच्याकडे आयटी म्हणजे टॅली इन्स्टॉल करून गेलेला मुलगा.

झेडपीचा_गुरुजी

तुम्ही निदान अ‍ॅप घ्यावं की नको हे ठरवताय. आम्हाला कुणी विचारत नाही.

माझ्या मोबाइलवर शाळेचे, केंद्राचे, तालुक्याचे, पोषण आहाराचे, परीक्षांचे मिळून 14 ग्रुप आहेत. त्याशिवाय माहिती भरायची वेगवेगळी अ‍ॅप आणि पोर्टल. दर वेळी नवीन अ‍ॅप आलं की सांगतात, आता कागद बंद, ग्रुप बंद. प्रत्यक्षात अ‍ॅपमध्ये भरायचं, मग भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, मग त्याची प्रिंट फाइलला लावायची. वेगळं अ‍ॅप म्हणजे जुन्याच्या जागी नवं, असं समजू नका. जुनं अधिक नवं होतं.

चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत असताना मेसेज येतो: ‘अति तातडीचे. आज 12 वाजेपर्यंत.’ आला 11.40 ला. पाहिला नाही म्हणायची सोय नाही, निळी टिक असते. तसंही 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस बजावली गेली असं मानलं होतं, कारण निळ्या टिकांवरून ती उघडून पाहिल्याचं दिसत होतं. आमच्याकडे प्रत्येक मेसेज नोटीसच.

माझा विरोध अ‍ॅपला नाही. ‘आता ग्रुपवर टाकलेलं धरलं जाणार नाही’ असं लेखी देणारा साहेब मला दाखवा, मी स्वतः सगळ्यांना अ‍ॅप शिकवतो.

मेलबर्नकर

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून ‘संपर्क तोडण्याचा हक्क’ कायद्यात आला, छोट्या आस्थापनांना वर्षभराने लागू झाला. बऱ्याच जणांना वाटतं की साहेबाने संध्याकाळी मेसेज करायलाच बंदी आहे. तसं नाही. साहेब पाठवू शकतो, तुम्ही न बघण्याचा हक्क तुम्हाला. अर्थात तुमचं न बघणं अवाजवी ठरता कामा नये, म्हणजे हुद्दा काय, निकड किती, जादा वेळेचा पगार मिळतो का, हे सगळं बघतात.

भारतातही सुप्रिया सुळेंनी असं खाजगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडलं होतं, 2025 मध्ये पुन्हा मांडलं. खाजगी विधेयकांचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

धागाकर्त्यांना प्रश्न: 7.10 ला तुमची ड्यूटी संपली होती ना? मग बसमधल्या माणसाने ड्रॉइंग का बघावं? मला तर दोष ना अ‍ॅपचा दिसतो ना तुमचा. कामावर हजर असलेल्या माणसाला निरोप देण्याऐवजी 38 जणांना दिला, तिथे घोळ झाला.

हिंजवडीचा_वारकरी

+1. आणि हेच स्लॅकवर ‘अ‍ॅट चॅनल’ (म्हणजे चॅनलमधल्या सगळ्यांना एकदम हाक) लिहून रोज होतं.

तिरकस

‘सर्वांनी नोंद घ्यावी’ म्हणजे कुणीच घेऊ नये.

मायक्रोमीटर

मेलबर्नकर, ड्यूटी साडेसहाला संपते. पण भोसरीत ड्यूटी संपणं आणि काम संपणं वेगळं.

आता थोडी माहिती देतो, दहा दिवस झाले धागा काढून. मालकांशी बसलो. अनघाताईंचा किस्सा त्यांना वाचून दाखवला (ताई, चालेल ना?). आमच्या अकाउंट्समध्ये दोन मुली आहेत. शाफ्टचा हिशेब ऐकून ते हलले नव्हते, यावर मात्र गप्प झाले आणि म्हणाले, तीन महिने करून बघू. ऑफिस, क्यूए, स्टोअर, डिस्पॅच यांच्यासाठी पैसे भरून अ‍ॅप घेतलं आहे. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की फक्त क्यूए उतरवून घेणार, बाकी कुणी अंगठा द्यायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप ठेवलाय, पण नाव बदलून ‘बर्फी’ केलंय. खरंच.

अनघा_ठाणे

चालेल. नाव घेतलं नाहीत तेवढं बरं केलंत.

निवांत

अ‍ॅप सुरू झाल्याचं कळवलं कुठे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच ना?

मायक्रोमीटर

हो. 14 अंगठे आले. त्यातले 9 जण प्रत्यक्ष अ‍ॅपवर आले.

लेथवाले_दादा

त्या 9 मध्ये रात्रपाळीचा ग्राइंडरवाला आहे का?

मायक्रोमीटर

नाही. त्याच्यासाठी लाल शिक्का करून आणलाय, ‘रद्द’ लिहिलेला. साडेतीनशे रुपये. पाळी बदलताना सुपरवायझर जुना कागद काढून माझ्या टेबलावर ठेवतो आणि नव्याच्या पाठीवर ग्राइंडरवाल्याची सही घेतो. कालपर्यंत चार आले.

लेथवाले_दादा

मग जमलं. त्या 163 पिसांना हार्ड क्रोम करून (क्रोमचा थर चढवून माप वाढवून) पुन्हा ग्राइंड करायचं विचारलं होतं का गिऱ्हाइकाला?

मायक्रोमीटर

विचारलं होतं. मेलवर. अजून उत्तर नाही, बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप करावं लागेल.