अनुभव धागा: पुलपिट, राजकारण आणि आपला विश्वास

निवडणूक आली की खानदेशात मंदिर, मशीद, चर्च, सगळीकडे उमेदवारांच्या चकरा सुरू होतात. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, राजकारणावर बोलावं का? विश्वासावरून दबाव आला तर माणूस टिकतो कसा? माझं मत आधीच सांगते: पुलपिटवरून, म्हणजे चर्चमधल्या उपदेशाच्या जागेवरून, पक्षाचं नाव येऊ नये, अन्यायाचं जरूर यावं. पटत नसेल तरी लिहा. स्वतःवर गुदरलेलं लिहा, ऐकीव नको, आणि कुणाचं नाव घेऊ नका.

पाळक, नवापूर तालुका

विधानसभेच्या आधीच्या रविवारी एक उमेदवार ऐन भक्तीच्या वेळेला आले. सोबत कार्यकर्ते, हार, शाल. मंडळीतले एक वडीलधारे कानाशी येऊन म्हणाले, "पाळकसाहेब, पाच मिनिटं द्या. आपल्या कंपाउंडच्या भिंतीचं काम अडलंय." भिंतीचं काम खरंच अडलं होतं, गुरं थेट पायरीपर्यंत येतात. मी उमेदवारांना मानाने पुढच्या बाकावर बसवलं, उभ्या असलेल्या सगळ्याच उमेदवारांसाठी प्रार्थना केली, माईक मात्र दिला नाही. नंतर बाहेर चहा घेताना त्यांना १९८८चा कायदा सांगितला. धार्मिक संस्थेची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही, आणि वापरू दिली तर संस्था चालवणाराही अडकतो.

त्या दिवशी वचन होतं बायबलमधल्या दानीएलाचा सहावा अध्याय. दानीएल दारयावेश राजाच्या राज्यात तीन अध्यक्षांपैकी एक होता, मोठा अधिकारी. तीस दिवस राजाशिवाय कुणाजवळ काही मागायचं नाही, असा हुकूम निघाला. तो घरी गेला, यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि नेहमीसारखी दिवसातून तीनदा प्रार्थना केली. राजाची चाकरीही सोडली नाही, खिडकीही लावून घेतली नाही. मी एवढंच सांगितलं. भक्ती सुटल्यावर दोन्ही पक्षांची पोरं माझ्यावर नाराज. भिंत अजून तशीच आहे.

शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

आम्ही मावची आदिवासी. घरात बायबल आजोबांपासून आहे. धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढा, ही मागणी आमच्या भागात जोरात आली तेव्हा नातेवाईकांनी नाताळची चांदणीसुद्धा काढून ठेवली. मुलाचा अर्ज भरायचा होता. शाळेतल्याच एकाने समजावलं, "धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, दाखल्यावर तसंच असतं सगळ्यांचं." मी ख्रिस्ती लिहिलं आणि जातीच्या रकान्यात मावची लिहिलं. दोन्ही खरं आहे. अनुसूचित जमातींच्या १९५०च्या आदेशात धर्माची अट नाही, हे मी घरी प्रत्येकाला बसवून सांगितलं, कारण भीती अर्धवट माहितीतूनच पसरत होती. उद्या कायदा बदलला तर? तर त्याविरुद्ध अर्ज करू, मोर्चाला जाऊ, मत देताना लक्षात ठेवू. रकान्यात खोटं मात्र लिहिणार नाही.

जळगाव

वरच्या ताई, तुमच्याकडे अट नाही, आमच्याकडे आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. काका कळवळून सांगायचे, "कागदावर राहू दे रे, घरात कर काय करायचं ते." मी बाप्तिस्मा घेतला आणि सवलत सोडली. भावाला ती मिळाली, तो आज सरकारी नोकरीत आहे, मी दुकानात. वस्तीतली वागणूक दोघांना सारखीच. म्हणून याविषयी पुलपिटवरून बोललं गेलं पाहिजे असं मला फार वाटतं. इथे गप्प बसणं म्हणजे आम्हाला एकटं सोडणं.

अमळनेर

मी वारकरी, तरी लिहितो. आमच्याकडेही कीर्तन मध्येच थांबवून पुढाऱ्यांचे सत्कार होतात. अभंग चालू असताना शाल पांघरायची, ही कसली रीत? शेजारचे ख्रिस्ती कुटुंब आमच्या सखाराम महाराजांच्या यात्रेत पाणी वाटतं. पलीकडच्या गल्लीतून त्यांना बोल लागले तेव्हा माझी आई त्यांना एवढंच म्हणाली, "तुना देव सोडू नको भाऊ." मला नारायण वामन टिळक वाचायला त्याच घरातून मिळाले.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

भाड्याच्या खोलीत आमची शुक्रवारची उपवास प्रार्थना चालते. एकदा जमाव आला, "धर्मांतर चाललंय" म्हणून पेट्या उघडायला लावल्या. आत निघाली गीतांची पुस्तकं, ढोलकी आणि आजाऱ्यांची नावं लिहिलेली वही. ठाण्यात आम्हालाच बसवून ठेवलं. मी राज्यघटनेचं कलम २५ सांगितलं: धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क प्रत्येकाला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. हेही मान्य केलं की दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा निकाल आहे. आम्ही कुणाला आमिष दिलं नाही, देणारही नाही. प्रार्थना मात्र बंद केली नाही. तरुणांना सांगणं: घोषणांना घोषणेने उत्तर देऊ नका. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.